दप्तर उघडण्याआधीचं

हिंगोलीचा इतिहास शोधायला निघालात की पहिली अडचण येते ती नावाची. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. १९५१ ची जनगणना उघडावी तर हिंगोली तालुका परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात! नरसी होतं, औंढा नागनाथ होतं, माणसं होती, नोंदीही होत्या... फक्त दुसऱ्याच्या दप्तरात.

लिनक्स वापरणाऱ्यांना हे चटकन कळेल. मशीन सुरू होताना स्क्रीनवरून भराभर ओळी सरकतात. नंतर लॉग उघडावा तर सुरुवातीच्या ओळी गायब. कारण साधं आहे. नोंदी लिहिणारा सिसलॉग हाही एक प्रोग्रामच. एरिक ऑलमननं १९८० च्या दशकात सेंडमेलच्या कामासाठी लिहिलेला. आधी कर्नल जागा होतो, डिस्क जोडली जाते, मग कुठे हे कारकून महाशय हजर होतात! तोवरचे निरोप कर्नल मेमरीतल्या रिंग बफरमध्ये ठेवतो. डीमेसेज कमांड दाखवते ते हेच. पण तिथली जागा ठरावीक. भरली की जुन्या ओळींवर नव्या.

सर्व्हिस सुरू झाली की नाही हे सांगणाऱ्या ओळी तर बऱ्याचदा नुसत्या स्क्रीनवरच उमटायच्या. त्या टिपायला डेबियनमध्ये बूटलॉगडी होता, पण बरीच वर्षं तो मुळात बंद असायचा. चालू आपण करायचा.

नोव्हेंबर २०११ मध्ये सिस्टमडीच्या जर्नलची घोषणा झाली. हा कारकून खूप लवकर उठतो आणि कर्नलचे आधीचे निरोपही उतरवून घेतो. पण बरीच वर्षं वही कुठे ठेवायचा? व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाची डिरेक्टरी नसली, तर तेव्हाच्या मूळ सेटिंगप्रमाणे रॅममध्ये. म्हणजे लाईट गेली की वही गेली. लोडशेडिंग सोसलेल्या मराठवाड्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आदल्या खेपेला काय बिघडलं होतं, ते सांगणारी नेमकी तीच वही. डिरेक्टरी बनवून मशीन रीस्टार्ट केलं की पुढच्या नोंदी टिकायच्या. गेलेल्या परत येत नाहीत.

असो. ओळ सापडली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं नसतं. तेव्हा लिहिणारा जागा होता का आणि वही कोणाच्या दप्तरात आहे, हे आधी विचारावं. यंत्राच्या बाबतीतही, जिल्ह्याच्या बाबतीतही.