दुकानाची मांडणी आणि विश्वासाचा प्रश्न : वऱ्हाडातील कापूस बाजार ते ऑनलाइन दुकान
(बार्शीटाकळी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

दुकानाची मांडणी हा विषय सामान्यतः सजावटीचा समजला जातो. ऑनलाइन दुकानाच्या बाबतीत तर रंग, चित्रे आणि अक्षरे यांपलीकडे फारसा विचार केला जात नाही. परंतु बाजाराच्या इतिहासाकडे पाहिल्यास असे दिसते की, माल कोठे ठेवावा, भाव केव्हा सांगावा आणि माप कोणासमोर करावे, हे मूलतः विश्वासाचे आणि सत्तेचे प्रश्न आहेत. मांडणी ज्याच्या हाती, त्याच्याकडे सौद्याचे पारडे झुकते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील कापूस बाजाराच्या नियमनाचा इतिहास आणि आजच्या ऑनलाइन दुकानाचे नियोजन यांतील नाते तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी हे प्राचीन गाव आहे. येथील देवीच्या मंदिरातील शके १०९८ (इ.स. ११७६-७७) चा शिलालेख त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष देतो. आज हे तालुक्याचे ठिकाण असून कापूस, सोयाबीन व तूर ही परिसरातील प्रमुख पिके आहेत. आठवडी बाजार, बाजार समिती आणि भ्रमणध्वनीवरील दुकान या तिन्ही व्यवस्था येथील शेतकऱ्याला एकाच वेळी वापराव्या लागतात. म्हणून या प्रश्नाचा विचार अशा गावाच्या संदर्भात करणे उचित ठरते.

वऱ्हाडातील बाजाराची पार्श्वभूमी

आठवडी बाजारातील मांडणी ही कोणी आखून दिलेली नसली तरी ती परंपरेने ठरलेली असते. भाजीची ओळ, धान्याची ओळ, कापडाची पाले आणि गुरांचा बाजार यांच्या जागा गिऱ्हाइकाला पाठ असतात. एकाच मालाचे विक्रेते शेजारी बसत असल्यामुळे चार ठिकाणी भाव विचारून खरेदी करता येते. तुलना करण्याची सोय हेच या मांडणीचे सामर्थ्य होय.

कापसाच्या व्यापारात मात्र हे चित्र वेगळे होते. १८५३ मध्ये वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासली, आणि त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव, अकोला, अमरावती व कारंजा येथील बाजारांत बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. येथे विक्रेता असलेला शेतकरी एकटा व घाईत असे. खरेदीदार संघटित असत. हिंदुस्थानातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती. दोन व्यापाऱ्यांमध्ये ठरलेला भाव मालाच्या धन्याला दिसत नसे. सौदा झाल्यावर कडता, धर्मादाय, हमाली अशा नावांनी कपाती होत. बोली एक आणि हाती पडणारी रक्कम दुसरी, असा हा व्यवहार होता.

नियमनाचा प्रारंभ

या परिस्थितीत १८८६ मध्ये आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे देशातील पहिला नियमित कापूस बाजार स्थापन झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा करण्यात आला. त्यानुसार बाजाराची जागा अधिसूचित करणे, समिती नेमणे आणि अडते व मापाडी यांना परवाने देणे या गोष्टींना कायद्याचा आधार मिळाला. पुढे अन्य प्रांतांनी केलेल्या बाजारविषयक कायद्यांपुढे वऱ्हाडचाच नमुना होता.

तथापि ही व्यवस्था निर्दोष नव्हती. समित्यांवर व्यापाऱ्यांचा प्रभाव होता आणि उत्पादकाला पुरेसे स्थान नव्हते. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडातील बाजारांच्या उणिवांची चर्चा केली. स्वातंत्र्योत्तर काळात १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा झाला. उघड हर्रास, परवानाधारक मापाडी आणि सौद्याची लेखी नोंद या गोष्टी मार्केट यार्डाच्या कामकाजाचा भाग बनल्या. यार्डातील ओटा, काटा आणि भावफलक यांच्या जागांना असा ऐतिहासिक अर्थ आहे.

दुकानाच्या मांडणीतील स्थित्यंतर

किरकोळ दुकानांच्या क्षेत्रातील निर्णायक बदल अमेरिकेत घडला. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान सुरू केले. तोपर्यंत गिऱ्हाईक माल मागे आणि दुकानदार तो काढून देई. सॉन्डर्स यांच्या दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली होती. परंतु प्रवेशापासून पैसे भरण्याच्या जागेपर्यंतचा मार्ग असा आखला होता की गिऱ्हाइकाला सर्व मालासमोरून जावे लागे. गिऱ्हाइकाला स्वातंत्र्य मिळाले, पण त्याची वाट दुकानदाराने आखली.

ऑनलाइन दुकान हा याच पद्धतीचा पुढचा टप्पा आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय केली. आगाऊ पैसे भरण्यास न धजावणाऱ्या ग्राहकासाठी पैसे भरण्याच्या पानावर आलेला हा एक पर्याय म्हणजे मांडणीतून दिलेला विश्वासच होता. भाषेचा प्रश्नही असाच आहे. मराठीच्या पर्यायाची मागणी २०२० मध्ये आंदोलनातून पुढे आली आणि २०२१ मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांनी मराठीचा समावेश केला. जी पाटी वाचता येत नाही, ती ग्राहकाच्या दृष्टीने कोरीच असते.

जुन्या कपाती, नवी रूपे

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. आरंभी कमी किंमत दाखवून पैसे भरताना आकार वाढविणे, ग्राहकाने न निवडलेली वस्तू टोपलीत टाकणे, माल संपत आल्याची खोटी घाई निर्माण करणे हे त्यांतील काही होत. सौद्यानंतरचा कडता आणि शेवटच्या पानावर उगवणारा अधिभार यांत तत्त्वतः अंतर नाही. दोहोंतही निर्णय झाल्यानंतर खरी किंमत उघड होते. १८९७ च्या कायद्याने बाजाराच्या आवाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. २०२३ च्या तत्त्वांनी पडद्यावरील आवाराला तीच शिस्त लावू पाहिली.

नियोजनासाठी काही सूत्रे

बार्शीटाकळीसारख्या गावातील बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने तूरडाळीचे ऑनलाइन दुकान काढावयाचे ठरविल्यास या इतिहासातून चार सूत्रे हाती लागतात. पहिले सूत्र नमुन्याचे. बाजारात डाळ मुठीत घेऊन पाहता येते. पडद्यावर ते काम स्वच्छ उजेडातील छायाचित्र, पिकाचा हंगाम आणि प्रत यांच्या वर्णनाला करावे लागते. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजार योजनेतही मालाच्या गुणवत्तेची तपासणी याच कारणास्तव महत्त्वाची मानली गेली. दुसरे सूत्र मापाचे : निव्वळ वजन किमतीलगतच असावे. तिसरे भावाचे : पोहोचविण्याचा खर्च धरून एकूण रक्कम आरंभीच दिसावी. चौथे दाद मागण्याचे : ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी विक्रेत्याची ओळख, माल परत करण्याच्या अटी आणि तक्रार निवारणाची व्यवस्था उघड करणे आवश्यक केले आहे. ही माहिती तळाशी बारीक अक्षरांत न दडविता मालाच्या पानावरच द्यावी.

निष्कर्ष

वऱ्हाडातील शेतकऱ्याने बाजारातील मांडणीचे परिणाम विक्रेता म्हणून सोसले. आज तोच शेतकरी स्वतः दुकान मांडू शकतो. त्यामुळे ग्राहकाला कोठे फसल्यासारखे वाटते, हे त्याला इतरांपेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. ऑनलाइन दुकानाचे देखणेपण महत्त्वाचे आहेच. परंतु ज्या पानावर माल, माप, भाव आणि दाद मागण्याची जागा एका दृष्टिक्षेपात दिसते, ते पान उघड्या हर्रासाच्या परंपरेतील ठरते. ज्या पानावर यांपैकी एखादी गोष्ट शोधावी लागते, तेथे रुमालाखालचा सौदा संपलेला नाही, असेच म्हणावे लागेल.