कौल की फरशी?

संगणकावर चार-पाच खिडक्या उघडल्या की त्या एकमेकींवर चढतात आणि हवी असलेली नेमकी तळाशी जाते. एकीनं दुसरीला झाकू नये अशा बेतानं त्या शेजारी-शेजारी आपोआप बसवण्याच्या सोयीला इंग्रजीत ‘टायलिंग’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? टाइल म्हणजे कौल आणि टाइल म्हणजे फरशीही. पण इथे दोन्हींपैकी एकच चालेल.

टाइल आली लॅटिन ‘टेगुला’वरून. मुळाशी ‘टेगेरे’ हा धातू, अर्थ झाकणे. म्हणजे टाइल मुळात छपराची. कौलं शाकारताना वरच्या ओळीची कड खालच्या ओळीवर चढवावीच लागते, नाहीतर पहिल्याच सरीला घर गळतं. इंग्रजीत हाच शब्द पुढे छपरावरून जमिनीवर उतरला. जमिनीवर मात्र एक लादी दुसरीवर चढून चालत नाही. मराठीनं या दोन वस्तूंना दोन नावं दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. फरशी आली अरबी-फारसी ‘फर्श’वरून, म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं. (परशुरामाच्या हातातली फरशी वेगळी, ती संस्कृत ‘परशु’ची लेक.)

आता संगणकाकडे पाहा. नोव्हेंबर 1985 मध्ये आलेल्या ‘विंडोज 1.0’मध्ये खिडक्या शेजारी-शेजारीच बसत, एकमेकींवर चढत नसत. 1987 च्या ‘विंडोज 2.0’नं त्यांना चढण्याची मुभा दिली आणि तीच सगळ्यांच्या अंगवळणी पडली. म्हणजे आधी फरशी, मग कौल. लिनक्सवर काम करणाऱ्यांपैकी काहींनी पुन्हा फरशीच जवळ केली. ‘आय-थ्री’ या 2009 पासूनच्या प्रणालीत पहिली खिडकी अख्खा पडदा व्यापते. दुसरी उघडली की पडदा निम्मा-निम्मा वाटला जातो, तिसरी आली की तीन सारखे भाग होतात. माउसनं ओढाताण करावी लागत नाही.

‘आपोआप’ हा शब्दही इथे चपखल बसतो. त्यातला ‘आप’ संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्प’मार्गे आला. ‘ऑटोमॅटिक’मधला ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजेही स्वतःच. होमरच्या ‘इलियड’मध्ये स्वर्गाची दारं आपोआप उघडतात, तिथे ‘ऑटोमॅटिक’चाच मूळ ग्रीक शब्द आहे.

राहिली खिडकी. ‘विंडो’ हा जुन्या नॉर्स भाषेतला ‘विंदआउगा’, वाऱ्याचा डोळा. आपल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, गाईचा, आणि ‘वातायना’त वाऱ्याची वाट. ‘खिडकी’चं घराणं मात्र निराळं. तिची आजी ‘खडक्किका’ म्हणजे बाजूचं दार. गोव्यातलं ‘जनेल’ पोर्तुगीज ‘जानेला’वरून आलं आणि त्याच्या मुळाशीही लॅटिनमधलं छोटं दारच आहे. संगणकाच्या खिडकीतून आपण नुसतं पाहत नाही, आत जाऊन काम करतो. त्यामुळे ‘खिडकी’ हा शब्द इथे मूळ इंग्रजीपेक्षाही जास्त शोभतो.

‘दगडी फरसबंदीचं अंगण’ आपण सहज म्हणतो. मग टायलिंगला ‘फरसबंदी’ म्हणायला काय हरकत आहे? आणि खिडक्यांचे मथळे तेवढे दिसतील अशा बेतानं त्या एकीवर एक रचणाऱ्या ‘कॅस्केड’ला ‘कौलारू मांडणी’. संगणकाचं मराठीकरण करणाऱ्यांनी ‘टाइल’ला सरसकट एकच प्रतिशब्द देऊ नये, एवढी विनंती.