आगळ आधी, अमृत कोकम नंतर

मे महिन्यात कोकणातल्या घरांत अमृत कोकमाच्या बरण्या भरल्या जातात आणि त्या रीतीला आपण बेधडक पूर्वापार म्हणतो. आजी-पणजीपर्यंत हे खरं असेल. त्यामागे मात्र ती फार जात नसावी, असं मला वाटतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, टिकवण्याच्या जुन्या रीती दोन. फोडलेल्या सालींना रसाची पुटं देत त्या उन्हात वाळवल्या की आमसुलं होतात आणि रस मिठात मुरवला की आगळ. गार्सिया द ओर्ताचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यातही या आंबट फळाची साल वाळवून ठेवतात असंच आहे. ऊन फुकटचं, मिठागरं किनाऱ्यालाच, आणि आंबटाची गरज रोजच्या कालवणाला. गोड सरबताची निकड कोणाला होती?

अमृत कोकमाला लागते ती साखर, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. सालींच्या वाट्यांत साखर भरून थरावर थर रचायचे, बरणीला दादरा बांधून ती आठवडाभर उन्हात ठेवायची. साखर सालीतला रस ओढून घेते आणि चुलीशिवाय पाक तयार होतो. पण त्यात साखरेचं प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास नसेल, तर श्रावणाआधीच तो फसफसतो. 1955च्या सरकारी फळप्रक्रिया आदेशाने विकाऊ सिरपसाठी विद्राव्य घटकांची किमान मर्यादा 65 टक्के ठेवली, ती उगाच नव्हे. म्हणजे किलोभर पाकात अर्ध्या किलोहून जास्त साखर. भाताच्या तुकड्यावर आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घराला हा खर्च कधी झेपला असेल? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावाहून येई. 1932च्या संरक्षक कायद्यानंतर देशी कारखाने वाढले, 1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. मधल्या युद्धकाळात रेशन होतंच. भरपूर साखर ही अगदी अलीकडची सोय आहे.

यावर कोणी म्हणेल, पानकं तर प्राचीन आहेत. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही ती आहेत. आहेत, पण पानक मुख्यतः त्या वेळी करून त्या वेळी प्यायचं पेय, चैत्रातल्या पन्ह्यासारखं. वर्षभराच्या साठवणीचा प्रश्न त्यातून सुटत नाही. हकिमांची शरबतं टिकाऊ होती, हा आक्षेप अधिक वजनदार. दिल्लीच्या हमदर्दने 1907 साली आणलेलं रूह अफ़ज़ा त्याच परंपरेतलं. पण ती दवाखान्याची विद्या. औषधाच्या मात्रेला पुरेल एवढा पाक आणि पाहुण्यांना पेले भरून द्यायचा पाक यांच्या साखरेचा हिशेब वेगळा. मग गूळ का नको? गूळ ओल धरतो, कोकणच्या पावसात पाघळतो, शिवाय कोकमाचा लाल रंगही काळवंडतो.

खोतांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या घरी साखरेचं कोकम आधीच होत असेल, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र चार सुखवस्तू घरांतली चैन म्हणजे साऱ्या मुलखाची रीत नव्हे. सगळीकडे होती ती आगळ. सोलकढीत आजही ती वापरतात, आणि तिच्यावर मात्र ‘पारंपरिक’ अशी चिठ्ठी चिकटवायची गरज कोणाला वाटत नाही.