मशीन आपलं, लायसन्स कुणाचं?

सरकारी ऑफिसातले सगळे डेस्कटॉप एकाच सर्व्हरवर, ही आयडिया नवी नाहीच मंडळी. 1972 मध्ये आयबीएमने व्हीएम/370 आणलं: मेनफ्रेम एकच, पण प्रत्येकाला वाटायचं अख्खं मशीन आपलंच. मग स्वस्त पीसी आले, जो तो आपापल्या टेबलाचा राजा. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी 4.0 ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली (मूळ तंत्र सिट्रिक्सचं, बरं का!) आणि टेबलावर पुन्हा नुसता स्क्रीन उरला. पुढे हे सर्व्हरही व्हर्च्युअल मशीनमध्ये गेले. यंत्रं वाचली, लायसन्सं वाढली: विंडोजचं वेगळं, रिमोट डेस्कटॉपचं माणशी वेगळं. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणंच बंद केलं. आता फक्त वर्गणी. त्यामुळे असं टेंडर हातात आलं की मी आधी पाचव्या वर्षाचा खर्च शोधतो.