शनवार तेल्यांचं कबरस्तान

अलिबाग तालुक्यात जमिनीचा भाव हल्ली गुंठ्यावर बोलला जातो. भाताची खाचरं भरून बंगले उठतात. अशा दिवसांत गावाबाहेरचा, रान माजलेला आणि धनी परदेशी गेलेला तुकडा सगळ्यांच्या डोळ्यावर येतो. आमच्या गावचं बेने इस्रायली कबरस्तान असंच डोळ्यावर आलं. कोणी म्हणालं, मधून रस्ता काढू. कोणी म्हणालं, तिथं आता येतंय कोण? म्हणून तिथं कोण निजलंय, ते लिहून ठेवतो.

बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत आमच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. समुद्राने काठाला टाकलेली बाकीची प्रेतं नवगावला पुरली. ती जागा अजून आहे, तिथं स्मारक उभं आहे. वाचलेले लोक गावोगाव पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ज्या गावी राहिले ते गाव आडनावात आलं. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. बोली आपलीच. प्रार्थनेच्या जागेला ते मशीद म्हणत. मुंबईतली पहिली मशीद १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. अलिबागची १८४८ सालची, ती आजही इस्रायल आळीत उभी आहे.

हा सगळा इतिहास कबरस्तानात पायाखाली दिसतो. सर्वांत जुन्या थडग्यांवर अक्षर नाही, नुसते ओबडधोबड दगड. त्या काळी या लोकांत हिब्रू विद्या उरली नव्हती. शेमा ही एक प्रार्थना, शनिवार, सुंता, एवढं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. पुढे कोचीनहून शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यानंतरच्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली आपली मराठी दिसते. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि मग घरंच्या घरं तिकडं गेली. घाणे मोडले, वाडे विकले. मेलेली माणसं तेवढी इथं राहिली.

यहुदी धर्मात माणूस एकदा पुरला की ती जागा कायमची त्याची. हाडं सहसा हलवत नाहीत. त्यामुळे दुसरीकडे जागा देतो आणि ही मोकळी करतो, हा सौदा इथं चालत नाही.

साफसफाई ठरली तेव्हा आधी अलिबागमधल्या त्यांच्या जाणत्या मंडळींना विचारलं. मग भाताची कापणी उरकल्यावर कोयते घेऊन गेलो. गावच्या पोरांचा उत्साह दांडगा. सिमेंटचा गिलावा करू, अक्षरांत काळा ऑइलपेंट भरू, असा त्यांचा बेत. तो थांबवावा लागला. सिमेंट लावलं की दगडातली ओल आतच कोंडते आणि चार-पाच पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधे भरायला जुना चुनाच बरा. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिडही नको, त्याने मळाबरोबर नावही जातं. साधं पाणी आणि नारळाच्या काथ्याची कुंची पुरते. फटीत रुजलेला पिंपळ, उंबर उपटायचा नाही. मूळ ओढलं की थडगं उकलतं. बुडाशी कापायचा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापायचा. शेतकऱ्याला हे काम नवं नाही.

पण दगड दुरुस्त करण्याआधी तो वाचायला हवा. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा झिजलेली अक्षरं वर येतात, दुपारी तोच दगड मुका होतो. सावलीतल्या दगडावर आम्ही आरशाने बाजूने उजेड पाडला. प्रत्येक थडग्याला क्रमांक दिला, फोटो काढला, नाव वहीत उतरवलं आणि कागदावर नकाशा केला. पडलेला दगड जिथं पडला तिथंच आधी मांडला, मग उभा केला. मला विचाराल तर अख्ख्या कामात मोलाची चीज ती वही आहे. दगड उद्या फुटला तरी नाव राहील, आणि नाव आहे तोवर तिथं कोणी नाही असं म्हणायची सोय कोणाला राहणार नाही.

इस्रायलहून कधी कधी माणसं येतात. हातात पणजोबांचं नाव आणि गावाचं नाव, एवढंच. ते थडग्यावर फूल वाहत नाहीत, एक लहानसा खडा ठेवतात. तो ठेवायला आधी थडगं सापडलं पाहिजे.

नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, एक अलिबागच्या मशिदीत. रस्त्याचं बोलणं सध्या थांबलंय. पूर्वेचा कोपरा अजून करवंदीच्या जाळीत आहे आणि तिथली नावं वहीत यायची आहेत. यंदा भात झोडून झालं की तिकडून सुरुवात करायची आहे.