शॉकेनचा काचेचा जिना

श्टुटगार्टला पाहुणे आले की मी त्यांना एबरहार्डश्ट्रासेवर नेतो आणि नसलेली इमारत दाखवतो! १९२८ साली इथे एरिक मेंडेलसोननं झाल्मान शॉकेनचं डिपार्टमेंट स्टोअर बांधलं. कोपऱ्यावर अर्धगोल काचेचा जिना, रात्री दिवे लागले की आकाशकंदीलच जणू. दोघेही ज्यू. मेंडेलसोननं १९३३ मध्ये देश सोडला. १९३८ मध्ये नाझींनी शॉकेनकडून दुकानं हिसकावली. इमारत युद्धातून तगली, पण १९६० मध्ये जगभरच्या वास्तुकारांचा विरोध डावलून पाडली. नवं दुकान हवं होतं, रस्ता रुंद हवा होता. पुण्यातला आमचा वाडा पाडतानाही हेच ऐकलं होतं. समोरचा टागब्लाट-टॉवर, तोही १९२८चाच, अजून उभा आहे. शॉकेनचं धाकटं भावंड बघायचं तर केमनित्झला जा. १९३०चं ते दुकान २०१४ पासून पुरातत्त्व संग्रहालय आहे.