वेष्टन गेले, नावेही गेली

भारतातून येताना आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी भावगीतांच्या कॅसेटी होत्या. माझ्याही होत्या. गाणे सुरू झाले की आतला घडीचा कागद उलगडून कवी कोण, संगीत कोणाचे, हे मी वाचत असे. परवा मुलीने फोनवर एक मराठी गाणे लावले. "हे लिहिलंय कोणी?" मी विचारले. तिने पडदा दोनदा वरखाली केला आणि म्हणाली, "बाबा, इथे नाहीये." तेव्हापासून त्या कागदाचा इतिहास डोक्यात घोळतो आहे.

पूर्वी ७८च्या तबकड्या साध्या कागदी पाकिटांत मिळत. चार-पाच तबकड्या जाड पुठ्ठ्यात वहीसारख्या एकत्र बांधत, म्हणून तो 'अल्बम'. १९४०च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्या पुठ्ठ्यावर चित्रे काढायला सुरुवात केली. १९४८ साली बारा इंची एल.पी. आली आणि कलावंतांना ऐसपैस फलक मिळाला. १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका एल.पी.च्या वेष्टनाला तर खरीखुरी चेन होती! १९८२ साली सी.डी. बाजारात आली आणि बारा इंचांचे बारा सेंटिमीटर झाले. तरीही कल्पकता आटली नाही. १९९७ साली 'स्पिरिच्युअलाइज्ड' या इंग्रज बँडची सी.डी. औषधाच्या गोळीसारखी पत्र्याच्या पाकिटातून फोडून काढावी लागे.

पुढचा दोष आम्हा इंजिनिअर मंडळींचा. सी.डी.वरील एका सेकंदाच्या संगीताला सुमारे १४ लाख बिट लागतात. एम.पी.३ने ते काम १ लाख २८ हजारांत भागवले. कानाला जे जाणवत नाही ते गाळायचे, हे त्यामागचे तत्त्व. पण वेष्टनाचे काय, याचा हिशेब कोणी केलाच नाही. १९९६ साली फाइलच्या शेवटी माहितीसाठी १२८ बाइटची चिठ्ठी जोडण्याची पद्धत निघाली. त्यात गाणे, गायक आणि अल्बम यांना प्रत्येकी तीस बाइट. कवी आणि संगीतकार यांना स्वतंत्र रकानाच नाही! १९९८च्या सुधारित पद्धतीत हे रकाने आले. पण रकाना असणे वेगळे आणि कोणीतरी बसून तो भरणे वेगळे.

गंमत म्हणजे गाणे जवळजवळ फुकट झाल्यावरच वेष्टनाला पुन्हा भाव आला. २००७ साली 'रेडिओहेड'ने 'इन रेनबोज' हा अल्बम वाटेल त्या किमतीला डाउनलोड करू दिला आणि त्याच संगीताची एल.पी., सी.डी. व चित्रांसह सजवलेली पेटी ४० पौंडांना विकली. २००८ मध्ये 'नाइन इंच नेल्स'ने ३०० डॉलरच्या २,५०० पेट्या काढल्या. त्या हातोहात संपल्या. २०२२ साली अमेरिकेत एल.पी.ची विक्री १९८७ नंतर प्रथमच सी.डी.च्या पुढे गेली: ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी.

तीनशे डॉलरच्या पेट्या आपल्या भावगीतांच्या वाट्याला येतील, असे मला वाटत नाही. तेव्हा एक विनंती. तळघरातल्या कॅसेटी संगणकावर उतरवाल, तेव्हा आतल्या कागदाचाही फोटो घ्या आणि कवी, संगीतकार, वादक यांची नावे टंकून ठेवा. मी मागच्या रविवारी बसलो होतो. एका कॅसेटीला दहा मिनिटे लागली. मुलगी शेजारी बसून नावे वाचून दाखवत होती.